क्रूझवरून ऑफिस करायचंय? आधी घड्याळाचं बघा

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी आणि नवरा बार्सिलोनाहून मायामीला जहाजाने गेलो, १४ रात्री, आणि त्यातले १० दिवस मी रीतसर ऑफिस केलं. परत आल्यापासून जो तो एकच विचारतो, नेट चालतं का गं? चालतं. माझा जीव मेटाकुटीला आला तो घड्याळापायी, म्हणून तेच आधी सांगते.

हिवाळ्याच्या तोंडावर कंपन्या आपली जहाजं युरोपातून कॅरिबियनकडे हलवतात, त्या फेऱ्यांना रीपोझिशनिंग क्रूझ म्हणतात. दिवसाच्या हिशोबाने त्या बऱ्याच स्वस्त पडतात आणि मध्ये सलग ६-७ दिवस नुसतं पाणी, बंदर नाही काही नाही, म्हणजे काम करणाऱ्याला उत्तमच. पण जहाज पश्चिमेला जातं तसं जवळपास दर दीड-दोन दिवसांनी रात्री घड्याळ एक तास मागे करतात, असे मायामीपर्यंत एकूण ६ तास. आता आमचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, भारतात सकाळी १०:३० ला. बार्सिलोनात तेव्हा सकाळचे ६, पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या फुंशाल बंदरात पहाटेचे ५, अटलांटिकच्या मधोमध रात्रीचे २-३ आणि मायामी येईपर्यंत चक्क रात्रीचे १२. म्हणजे तुम्ही जनरल शिफ्टला चढता आणि नाइट शिफ्ट करून उतरता.

त्यामुळे तिकीट काढायच्या आधी मॅनेजरशी बोला, नुसतं "मी ऑनलाइन असेन" म्हणू नका, नेमके तास ठरवून घ्या. मी भारतातले दुपारी ३:३० ते संध्याकाळी ७:३० एवढेच टीमसोबतचे तास मागून घेतले, ते बार्सिलोनात ११ ते ३ येतात आणि शेवटी मायामीत पहाटे ५ ते ९, म्हणजे लवकर झोपलं की निभतं. बाकीचं काम आपलं आपण कधीही करायचं. क्लायंट अमेरिकेतला असेल तर मात्र पश्चिमेचा प्रवास सोन्यासारखा, कारण रोज तुम्ही त्याच्या वेळेच्या जवळच सरकत असता. वसंतात जहाजं उलटी युरोपला येतात तेव्हा दिवस २३ तासांचे होतात, आणि माझं मत विचाराल तर काम करणाऱ्याने ती फेरी घेऊ नये, झोप पुरतच नाही.

लॅपटॉप कायम भारतीय वेळेवर ठेवा, टाइम झोन आपोआप बदलायचं सेटिंग बंद करून, म्हणजे कॅलेंडरचा घोळ होत नाही. फोन जहाजाच्या वेळेवर ठेवा, कारण जेवण, बंदरात परत चढायची वेळ सगळं त्यावरच चालतं. पण फोनची वेळ बदलताना टाइम झोन बदला, हाताने तास मागे करू नका! मी पाचव्या रात्री घाईत नुसता तास मागे केला आणि दुसऱ्या दिवशी व्हीपीएनसाठी, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायला, ऑथेंटिकेटर ॲपचा (फोनवरच लॉगिनचे कोड तयार करणारं ॲप) सहा आकडी कोड टाकला तर चुकीचा, परत टाकला, परत चुकीचा, तिसऱ्यांदा अकाउंटच लॉक. ते कोड फोनच्या घड्याळावरून तयार होतात, झोन तोच ठेवून तास सरकवला की फोनच्या हिशोबाने खरी वेळच बदलते. अकाउंट उघडेपर्यंत डेमो संपला होता, माझ्या जागी ज्युनियर मुलीने निभावलं, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तसंच ओटीपीचं. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवरच ठेवायचा, नाहीतर जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडलं जातं आणि साधा रोमिंग पॅक तिथे सहसा लागू होत नाही, बिल बघून डोळे पांढरे होतात. एअरप्लेन मोडमध्ये एसएमएसच्या भरवशावर बसू नका, त्यामुळे ऑफिसची जी लॉगिन ओटीपीवर आहेत ती निघायच्या आधी ऑथेंटिकेटर ॲपवर नेऊन ठेवा.

आता नेट. जुन्या पद्धतीचे सॅटेलाइट सुमारे ३६,००० किलोमीटर वर असतात, तिथून आवाज जाऊन यायला अर्धा सेकंद सहज लागतो, आणि कॉलवर दोघंही एकदम बोलायला लागतात. स्टारलिंक या नव्या सॅटेलाइट इंटरनेटचे साधारण ५५० किलोमीटरवर, त्यामुळे व्हिडिओ कॉल नीट होतो. २०२२ पासून बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी ते बसवलंय, तरी आपल्या जहाजावर आहे का हे बुकिंगच्या आधी विचारा. पॅकेज बहुधा डिव्हाइसमागे असतं आणि चढायच्या आधी घेतलं तर स्वस्त पडतं. फोटोंचं आणि ड्राइव्हचं सिंक बंद करा, लागणाऱ्या फाइली आधीच उतरवून ठेवा.

केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी. बाल्कनीत बसून काम करायचं चित्र डोक्यातून काढा, उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि माइकमध्ये नुसता वारा. मी लायब्ररीत बसायचे, दुपारी बुफे रिकामा झाला की तिथे. सर्ज प्रोटेक्टरवाला (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा) एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, बऱ्याच कंपन्या चढतानाच काढून घेतात, स्वतःचा राउटरही चालत नाही. युरोपियन आणि अमेरिकन पिनचे ॲडॉप्टर पुरे.

कागदांचं थोडक्यात: युरोपचा शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्री घ्या, अमेरिकेचा बी१/बी२ व्हिझिटर व्हिसा हवाच, आणि परदेशातून काम करायची एचआरची परवानगी लेखी, कारण टुरिस्ट व्हिसा, टॅक्स आणि डेटाचे नियम देशागणिक वेगळे.

आणि जहाज लागतं का हे माहीत नसेल तर आधी मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपची छोटी क्रूझ करून बघा. तिथे घड्याळ बदलत नाही, त्यामुळे लॅपटॉप उघडून दोन तास एक्सेल बघा, मळमळलं की लगेच कळेल. औषध डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा, आणि त्याने झोप येते का तेही याच ट्रिपमध्ये बघून घ्या.