गाडी सुरू केल्यानंतरची पहिली दहा मिनिटं

सकाळी गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं नुसती उभी ठेवायची, ही सवय कार्ब्युरेटरच्या काळातली. तेव्हा ती गरजेची होती. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. ते मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) गार भिंतींवर थेंबाथेंबाने बसून राहतं आणि सिलिंडरमध्ये पोचणाऱ्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. चोक ओढून हवा रोखली नाही तर गाडी गचके देऊन बंद पडायची. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, करतो. कूलंटचा सेन्सर तापमान सांगतो, त्यानुसार इंजेक्टर जास्त पेट्रोल सोडतात आणि आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) आपोआप १२०० ते १५०० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांपर्यंत, चढतं. म्हणून अशा पेट्रोल गाडीला एरवी अर्धं ते एक मिनिट उभं ठेवणं पुरतं. बाकीचं तापणं रस्त्यावर, हळू चालवत व्हायला हवं.

तेवढं थांबायचं ते ऑइलसाठी. रात्रभर उभ्या गाडीत वरच्या भागातलं बरंचसं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. कॅमशाफ्ट, टॅपेट, बेअरिंग यांवर पातळ थर तेवढा उरतो. इंजिन फिरू लागलं की पंप दोन-तीन सेकंदांत दाब उभा करतो, पण थंड ऑइल जाड असतं आणि इंजिनाच्या वरच्या भागात, हेडपर्यंत सगळीकडे पोचायला त्याला आणखी थोडा वेळ लागतो. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलं असताना २०डब्ल्यू-५० भरलं, तर हा वेळ वाढतो. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा आहे: तो जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात लवकर वर चढतं.

सुरू करण्याचा क्रम असा. हेडलाइट, एसी, काचेचा हीटर बंद ठेवा, म्हणजे बॅटरीची ताकद स्टार्टरला मिळेल. चावी 'ऑन'वर आणून दोन-तीन सेकंद थांबा. मागून पेट्रोल पंपाची बारीक घरघर ऐकू येते आणि लाइनमध्ये दाब तयार होतो. गिअर न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबलेला, म्हणजे स्टार्टरला गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल ढवळावं लागत नाही. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका. स्टार्टर सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका. गाडी लागली नाही तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा मारा, नाहीतर स्टार्टर तापतो आणि बॅटरी बसते.

इंजिन लागलं की आधी ऑइलचा लाल दिवा पाहा. तो काही सेकंदांत विझलाच पाहिजे. पाच सेकंदांनंतरही पेटलेला असेल तर लगेच इंजिन बंद करा, डिपस्टिकने ऑइल तपासा, आणि पातळी बरोबर असूनही दिवा तसाच राहत असेल तर गाडी हलवू नका. या क्षणी 'जरा रेस देऊन बघू' असं करणं सगळ्यात घातक, कारण बेअरिंग तेव्हा जवळपास कोरडं फिरत असतं.

आता आरसे लावा, सीटबेल्ट बांधा, काच पुसा. तेवढ्यात अर्धं मिनिट झालेलं असतं. आयडलिंग हजाराच्या आसपास उतरू लागलं की निघा. ऑटोमॅटिक गाडीत ही गोष्ट जास्त सांभाळा: आरपीएम चढलेलं असताना 'डी' किंवा 'आर' टाकलं की झटका बसतो. पहिल्या काही मिनिटांत ही गाडी वरचा गिअर उशिरा टाकते, तो दोष नाही.

उभ्या गाडीत जास्त वेळ इंजिन चालवल्याने ते तापतं, पण फार हळू, आणि त्या सगळ्या वेळात नुकसान चालू असतं. मिश्रणात पेट्रोल जास्त असतं. न जळलेला भाग सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतो आणि रिंगांवरून खाली उतरून चेंबरमधलं ऑइल पातळ करतो. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर गरम असतील तर ते वाफ होऊन निघून जातं; गार असतील तर आत साचतं. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आतून गंजतो आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट मलई जमते, त्याचं कारण हेच. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा तास चालवावी. सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही साधारण २५०-३०० अंश सेल्सिअसला पोचल्यावरच धूर नीट साफ करू लागतो. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका: धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दार थोडं उघडं ठेवणं पुरेसं नाही.

रस्त्यावरचे पहिले पाच ते आठ किलोमीटर पेट्रोल गाडी २५०० आरपीएमच्या आत, डिझेल २००० च्या आत ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त दाबू नका. पण वरचा गिअर लवकर टाकून गाडी घुसमटवूही नका. कमी आरपीएमवर जड ओढ पडली की बेअरिंगवर दाब वाढतो आणि ऑइलचा थर तुटतो. चढ असेल तर एक गिअर खाली घ्या.

एवढं जपायचं कारण धातूंच्या फुगण्यात आहे. पिस्टन अ‍ॅल्युमिनिअमचा असतो आणि तो बिडापेक्षा, म्हणजे सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा, जवळजवळ दुप्पट फुगतो. म्हणून थंड असताना तो मुद्दाम किंचित लंबगोल आणि वरच्या बाजूला निमुळता बनवलेला असतो, आणि तापल्यावर सिलिंडरमध्ये बरोबर बसतो. थंडपणी फट जास्त असल्यामुळे काही इंजिनांत सुरुवातीला 'टक-टक' येते आणि मग थांबते. त्या अवस्थेत जोरात पळवलं तर पिस्टनची बाजू सिलिंडरवर आपटते.

तापमानाच्या काट्यावर एका मर्यादेपर्यंतच विश्वास ठेवा. तो कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. कूलंट ९० अंशांच्या आसपास पोचून काटा मध्यावर आला तरी ऑइल पुरतं तापायला आणखी पाच-दहा मिनिटं जातात. काही गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा दिवा असतो; तो विझणं म्हणजे 'थोडं तापलं' एवढंच. गिअरबॉक्सचं ऑइल, चाकांचे बेअरिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायर हे तर उभ्या गाडीत तापतच नाहीत.

डिझेलमध्ये चावी 'ऑन' केल्यावर स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा. ग्लो प्लग तोवर आत उष्णता देत असतात. कडाक्याच्या थंडीत हेच दोनदा करून मग स्टार्टर मारा. सुरुवातीची वाढलेली खडखड स्वाभाविक आहे. डिझेल आयडलिंगवर पेट्रोलपेक्षाही हळू तापतं आणि काजळी मात्र धरतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर तो लवकर तुंबतो. टर्बोचं बेअरिंग ऑइलवर तरंगतं आणि मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, म्हणून टर्बो गाडीला सुरू होताच रेस देणं पूर्ण टाळा. एअर ब्रेकच्या ट्रक-बसला मात्र उभं राहावंच लागतं: हवेचा बझर थांबून दाब पुरेसा चढेपर्यंत तीन-पाच मिनिटं ९०० ते १००० आरपीएमवर चालवा.

कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलला चोक पूर्ण ओढून, अ‍ॅक्सिलरेटर न पिळता सुरू करा. वीस-तीस सेकंदांनी चोक अर्धा, आणि मिनिट-दोन मिनिटांत पूर्ण बंद. चोक बंद करायचा राहिला तर प्लग काळा पडतो आणि पिकअप जातो. हवेवर थंड होणारं इंजिन उभं असताना फार वेळ चालवू नका, कारण त्याला गारवा चालताना लागणाऱ्या वाऱ्यानेच मिळतो. पहिला गिअर टाकताना जोराचा झटका बसत असेल तर क्लचच्या प्लेटा चिकटल्या आहेत. सुरू करण्याआधी गिअर टाकून, क्लच दाबून गाडी हाताने पुढे-मागे ढकला, त्या सुटतात.

काचेवर बर्फ किंवा धुकं असेल तर ते साफ होईपर्यंत थांबा. समोरचं दिसणं इंजिनापेक्षा महत्त्वाचं. उणे पंधरा-वीस अंशांखाली ब्लॉक हीटर (उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणारा हीटर) लावणं हा चांगला उपाय आहे. केबिनचा हीटर काटा हलेपर्यंत कमीच ठेवा, तो इंजिनाचीच उष्णता काढून घेतो.

वीस मिनिटं चालवूनही काटा खालीच राहत असेल तर बहुधा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असतो. गाडी पेट्रोल जास्त खाते आणि हीटरही गार हवा देतो. काटा बरोबर असूनही आयडलिंग चढलेलंच राहिलं तर व्हॅक्यूमचा पाइप फुटला आहे का आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) घाण आहे का ते पाहा. थंडपणी काळा धूर आणि अडखळत सुरू होणं हे कूलंट सेन्सर बिघडल्याचं लक्षण असू शकतं. सुरुवातीला निघणारी पांढरी वाफ स्वाभाविक. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर हेड गास्केटमधून (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगमधून) कूलंट आत जात असण्याची शक्यता मोठी, आणि मग गाडी चालवू नये. रोज सकाळी चार-पाच सेकंद खडखड होऊन थांबत असेल तर चेन टेन्शनरला (इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या भागाला) हात लावण्याआधी ऑइल फिल्टर बदलून पाहा. आतला रबरी व्हॉल्व्ह गेला की फिल्टर रात्रीत रिकामा होतो, आणि चांगल्या फिल्टरने तेवढंच दुखणं जातं.