साचेबद्ध सुपरहिरोपट कसा पारखावा

दिवाळीनंतर धानाची कापणी आणि मळणी मार्गी लागली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि दुष्ट सावकाराचे शेवटी काय होणार हे शामियान्यात बसलेल्या बहुतेकांना पहिल्या अंकातच कळलेले असते. तरीही कोणी उठून जात नाही. सुपरहिरोचा चित्रपट पारखायला बसताना हे ध्यानात ठेवावे, कारण ‘कथा ठरावीक आहे’ एवढे म्हटल्याने परीक्षण होत नाही. त्या ठरावीक कथेत कुठे जीव ओतला आहे आणि कुठे नुसता साचा भरला आहे, हे दाखवता आले पाहिजे.

सर्वप्रथम चित्रपट दोनदा पाहावा. पहिल्यांदा घरच्यांसोबत, मध्ये न थांबवता पाहावा आणि पोरे कुठे गप्प झाली, कुठे पाणी प्यायला उठली, याकडे लक्ष ठेवावे. दुसऱ्यांदा एकट्याने वही घेऊन बसावे. जवळपास चित्रपटगृह नसल्यामुळे आपल्याकडे हे बहुधा मोबाइलवरच होते, पण हवे तिथे थांबवता येते हा त्यातला फायदाच आहे. मात्र हिंदीत डब केलेली प्रत पाहत असाल, तर फसलेल्या विनोदाचे खापर लगेच मूळ लेखकावर फोडू नये.

वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे मिनिटे आणि उजवीकडे घटना लिहावी: शक्ती केव्हा मिळाली, पहिला पराभव केव्हा झाला, सगळे संपले असे केव्हा वाटले, शेवटची मारामारी केव्हा सुरू झाली. असे तीन-चार चित्रपट मांडले की पाने एकमेकांसारखी दिसू लागतात. एवढ्यावरून गुण कापू नयेत. नियम सर्वांना ठाऊक असल्याशिवाय तो मोडण्याची गंमतही येत नाही. २००८ च्या ‘आयर्न मॅन’मध्ये नायक अखेरीस भर पत्रकार परिषदेत आपली ओळख उघड करतो, तेव्हा प्रेक्षक दचकतो तो मुखवट्यामागचे नाव लपवण्याची जुनी रीत त्याच्या अंगवळणी पडलेली असते म्हणूनच.

त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला सर्वाधिक वेळ द्यावा. नायकाला त्याच्या शक्तीची काय किंमत मोजावी लागते, हे शोधावे. १९३८ साली कॉमिकमधून पुढे आलेल्या सुपरमॅनवर रिचर्ड डॉनर यांनी १९७८ मध्ये केलेला चित्रपट या अभ्यासासाठी उत्तम, कारण साच्याचे बळ आणि दुबळेपण दोन्ही त्यात एकाच ठिकाणी सापडतात. परग्रहावरून आलेले पोर एक शेतकरी जोडपे वाढवते. एके दिवशी घराजवळच्या वाटेवर म्हाताऱ्या बापाला हृदयविकाराचा झटका येतो आणि तो तिथेच कोसळतो. इतकी ताकद अंगात असून आपण बापाला वाचवू शकलो नाही, हे पोराला अंत्यविधीच्या वेळी उमगते. इथे कोणती इमारत कोसळत नाही की स्फोट होत नाही, पण ज्याने शेतावरून आलेल्या फोनवर घर गाठले आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. याच चित्रपटाच्या शेवटी नायिका भूकंपात गाडीसह मातीत गाडली जाऊन मरते आणि नायक पृथ्वीभोवती उलटा उडून काळच मागे नेतो. ती जिवंत होते आणि मघाशी वाटलेले दुःख वाया जाते. वहीत या दोन्ही प्रसंगांची मिनिटे लिहून त्यांच्यामध्ये बाण काढावा.

खलनायकाची तपासणी तुलनेने सोपी आहे. त्याला जे हवे आहे ते एका वाक्यात लिहावे, आणि ‘जगावर राज्य’ यापलीकडे काही लिहिता येत नसेल, तर तिथे उणे खूण करावी. उलट उदाहरण हवे असल्यास २०२१ चा मल्याळम ‘मिन्नल मुरली’ पाहावा. केरळमधल्या एका खेड्यात वीज दोघांवर पडते. एक शिंपी, दुसरा चहाच्या दुकानात राबणारा, गावाने हिणवलेला माणूस. शक्ती दोघांना सारखीच मिळते, फरक पडतो तो गावाने कोणाला कसे वागवले यामुळे. खेड्यातल्या प्रेक्षकाला हा खलनायक ओळखीचा वाटतो आणि म्हणूनच त्याची भीतीही अधिक वाटते.

शेवटच्या मारामारीसाठी एक युक्ती आहे. पाच मिनिटे आवाज पूर्ण बंद करून पाहावे. कोण कुठे उभा आहे, कोणाला कुठे पोहोचायचे आहे आणि न पोहोचल्यास काय होईल, हे नुसत्या चित्रांवरून कळले तर दिग्दर्शन चोख आहे असे समजावे. निळ्या-जांभळ्या किरणांपलीकडे काही कळलेच नाही, तर इतका वेळ आपल्याला बसवून ठेवले ते पार्श्वसंगीताने. पुढच्या भागाची जाहिरात करण्यासाठी घुसडलेले प्रसंगही इथेच वेगळे काढावेत. २०१२ च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ची भूमी आधीच्या पाच चित्रपटांनी तयार केली होती, अशा मालिकेतला एखादा भाग सुटा पाहिला तर उभा राहतो का, एवढेच विचारावे. झाडीपट्टीतल्या नाटकाला ही सवलत नाही, त्याला उजाडायच्या आत आपला हिशेब मिटवावा लागतो.

परीक्षण लिहिताना आधी सगळे गुण आणि मग सगळे दोष अशी मांडणी टाळावी. प्रत्येक मत एखाद्या प्रसंगाला बांधावे आणि ‘पटकथा कमकुवत आहे’ असे न लिहिता ‘बापाचा मृत्यू जे कमावतो ते शेवटचे उड्डाण गमावते’ असे लिहावे. हे वाक्य मला फार जमले आहे असे वाटून मी ते पुतण्याला वाचून दाखवले होते. तो बारा वर्षांचा आहे. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, “काका, त्याले पृथ्वी उलटी फिरवता येत होती, तं मंग त्यानं बापाले काहून नाई वाचवलं?” मी वही पुन्हा उघडली आणि बाणाच्या शेजारी त्याचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला.