रीफ टँकला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी देताना या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक. त्यात टेस्ट किटवर कॅल्शियम ३८० पीपीएम (दहा लाख भागांत ३८० भाग) दिसलं की हात आधी डोसच्या बाटलीकडे जातो. त्याआधी खारटपणा मोजा. ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास असतं. तेच पाणी ३२ पीपीटीवर आलं की कॅल्शियम ३८५ वर येतं, आणि मॅग्नेशियम व अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) त्याच प्रमाणात खाली येतात. अशा टँकमध्ये मीठ कमी पडलेलं असतं. त्यावर कॅल्शियम ओतलं तर तिन्ही आकड्यांचा मेळ बिघडतो.

गोव्यात ही फसगत पावसाळ्यात जास्त होते. मे महिन्यात रोज दोन लिटर पाणी उडतं म्हणून तेवढंच आरओ पाणी घालायची सवय लागते. जूनमध्ये हवा दमट होते, पाणी कमी उडतं, पण घालणं तसंच चालू राहतं. सम्प (टँकला जोडलेली खालची टाकी) भरला की जादा पाणी काढलं जातं आणि त्याबरोबर मीठही जातं. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) नुसत्या आरओ पाण्यावर शून्याला लावू नका, ३५ पीपीटीच्या द्रावणावर लावा. मिरामार किंवा दोनापावलाहून कॅनमधून समुद्राचं पाणी आणणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर ते काम बंदच ठेवावं. मांडवी आणि जुवारीचं गढूळ गोडं पाणी तेव्हा तिथे मिसळलेलं असतं.

बाटलीवरचा डोस

बाटलीवर छापलेला डोस तुमच्या टँकसाठी नसतो. दोन-चार मऊ कोरल असलेल्या नव्या टँकला बहुतेकदा डोसिंगच लागत नाही, पाणी बदललं तरी पुरतं. कठीण कोरल वाढत असतील तर तीन दिवस काहीही न घालता रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा. वेळ महत्त्वाची, कारण ती दिवसभरात वर-खाली होते. समजा ८.४ डीकेएचवरून (डीकेएच हे अल्कलिनिटीचं माप) तीन दिवसांनी ७.५ झाली. म्हणजे रोजचा खप ०.३ डीकेएच.

घरी द्रावण करायचं असेल तर एका बाटलीत ८४ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि दुसरीत ७३.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट घ्या. आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेल्या) पाण्याने प्रत्येकीचं द्रावण बरोबर १ लिटर करा. प्रत्येकी १० मिली डोसने १०० लिटर पाण्यात अल्कलिनिटी ०.२८ डीकेएच आणि कॅल्शियम २ पीपीएम वाढतं. कोरलचा सांगाडा हे दोन्ही याच प्रमाणात खेचतो, म्हणून दोन्ही बाटल्यांचा डोस सारखाच ठेवायचा. वरच्या उदाहरणात तो १०० लिटरला साधारण ११ मिली येतो. लिटर मोजताना दगड आणि वाळूची जागा वजा करा, काचेच्या मापावरून काढलेला आकडा नेहमी फुगलेला असतो.

सोडा म्हणजे बेकिंग सोडाच. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि स्टार्च असतं, ती चालत नाही. दुकानात सुटा मिळणारा धुण्याचा सोडाही नको, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. एसी लावून बंद ठेवलेल्या खोलीत पीएच कायम ७.८ च्या आसपास अडकत असेल, तर तोच ८४ ग्रॅम सोडा ओव्हनमध्ये १५० ते १८० अंशांवर तासभर भाजा. वजन ५३ ग्रॅमच्या आसपास उतरलं की झाला. या भाजलेल्या सोड्याचं द्रावण पीएच झटकन चढवतं, त्यामुळे थोडं थोडंच द्या.

ओल खाल्लेलं कॅल्शियम क्लोराइड

या हवेत सगळ्यात जास्त नडते ती हीच गोष्ट. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं. पाकीट चार दिवस उघडं राहिलं की गोळे होतात, मग चिकट पाणी सुटतं. ७३.५ ग्रॅम तोललेत तरी त्यातला मोठा भाग पाणीच असतो, द्रावण कमजोर होतं. खूण अशी: अल्कलिनिटी स्थिर राहते आणि कॅल्शियम मात्र महिनाभर हळूहळू उतरत जातं. म्हणून फोडलेलं पाकीट डब्यात साठवू नका. ५०० ग्रॅमचं पाकीट एकदमच विरघळवून ६.८ लिटर द्रावण करा, बंद कॅनमध्ये ते टिकतं. विरघळताना ते तापतं, तेव्हा पाण्यात पावडर थोडी थोडी टाका. पावडरवर पाणी ओतू नका. अनहायड्रस (कणांत पाणी नसलेला) प्रकार असेल तर ५५.५ ग्रॅमच घ्या. डायहायड्रेटच्या मापाने घेतलात तर कॅल्शियम जवळजवळ एक तृतीयांश जास्त पडेल.

पाणी दुधाळ झालं तर

दोन्ही द्रावणं एकाच वेळी किंवा एकाच जागी पडली की कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन पाणी पांढरं होतं. घातलेलं वाया जातंच, वर पंपाच्या इम्पेलरवर (आतल्या फिरत्या पात्यांवर) आणि हीटरवर खडी धरते. दोन डोसमध्ये किमान अर्धा तास ठेवा आणि जोरात प्रवाह असेल तिथेच सोडा. दुधाळ झालंच तर दोन्ही डोस थांबवा, पाणी निवळू द्या, दुसऱ्या दिवशी अल्कलिनिटी मोजा. त्याच दिवशी भरपाई केलीत तर साका पुन्हा बसेल. अडकलेला इम्पेलर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवा.

डोस नीट देऊनही आकडे टिकत नसतील तर मॅग्नेशियम बघा. ते १२५० ते १३५० पीपीएममध्ये हवं. कमी झालं की कॅल्शियम कार्बोनेट लवकर जमायला लागतं. १०० लिटरमध्ये १०० पीपीएम चढवायला साधारण ८४ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट लागतं. ते दोन-तीन दिवसांत विभागून घाला.

उतरलेली अल्कलिनिटी वर आणताना दिवसाला १ डीकेएचच्या वर जाऊ नका, अर्धाच बरा. नायट्रेट शून्याजवळ असताना १० डीकेएच गाठण्याच्या घाईत अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण कोरलची टोकं जळतात. ८ वर स्थिर राहिलेला टँक ९ आणि ७ मध्ये झुलणाऱ्या टँकपेक्षा कितीतरी चांगला वाढतो.

या द्रावणांतून पाण्यात साधं मीठ मागे राहतं. रोज १ डीकेएच खाणाऱ्या टँकमध्ये ते महिन्याला लिटरमागे सुमारे ०.६ ग्रॅम चढतं. ठरलेलं पाणी बदलणं चालू ठेवा आणि खारटपणा पाहत राहा.

चतुर्थीला गावी जाताना

डोसिंग पंपावर टँक सोडून जायचं असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक नळीतून खरंच किती मिली येतं ते मोजपात्रात पाहा. जुनी नळी ढिली पडते आणि माप सरकतं. नळीचं तोंड पाण्याच्या वर ठेवा. बुडालेलं तोंड सोड्याच्या खडीने बुजतं किंवा सायफन होऊन अख्खी बाटली टँकमध्ये उतरते. लाइट गेल्यावर टायमरची वेळ पुसली जात नाही ना, हे प्लग काढून दहा मिनिटांनी परत लावून तपासा. कॅनमध्ये परत येईपर्यंत पुरेल एवढंच द्रावण भरा. सगळं एकदम उतरलं तरी अल्कलिनिटी दोन डीकेएचच्या वर चढणार नाही, असा हिशोब करून.