सोलापुरात आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद कशी शोधावी

‘आजोबा मिशनचे होते’ एवढ्या माहितीवर कुठल्याही चर्चचं कपाट उघडत नाही. आधी पंथ ठरवा, आणि तोही त्या काळातला. आजची पाटी बघून गेलात तर हमखास चुकाल.

अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचं, काम सोलापुरात १८६०च्या दशकात सुरू झालं. त्यांच्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, १९२४मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७०ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये. एकाच मंडळीच्या जुन्या वह्यांवर वेगवेगळी नावं दिसतात ती यामुळे. ‘ही वही आपली नाही’ म्हणून ती परत ठेवली जाण्याआधी पहिलं पान वाचून घ्या. अमेरिकन मेथडिस्ट मात्र त्या एकीकरणात आले नाहीत. त्यांची चौकशी वेगळी करायची.

घराणं कॅथलिक असेल तर पॅरिशच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या, फादरांकडे जा. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असू शकतात. योहान तिथे ‘योआन्नेस’ होतो, याकोब ‘याकोबुस’. ‘पात्रिनी’ म्हणजे गॉडपेरेंट्स, आडनाव समजून उतरवू नका. समासही वाचा: दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि लग्न बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीच टिपतात. म्हणूनच चर्चमध्ये लग्न ठरलं की घरातला जुना दाखला चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला नवा मागतात.

बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत तान्ह्या बाळाचं फक्त समर्पण होतं, म्हणजे प्रार्थनेने देवाला अर्पण. बाप्तिस्मा कळत्या वयात, पाण्यात बुडवून. तिथे जन्मसालाच्या आसपास शोधणं फुकट, पुढची पंधरा-वीस वर्षं चाळा. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) बाप्तिस्मा देतच नाही. त्या घरातल्या माणसासाठी ‘सैनिक’ म्हणून झालेली भरती विचारायची.

अर्ज एक पानाचा पुरे: नाव, वडील, आई, मूळ गाव, अंदाजे साल, दाखला कशासाठी हवा. साल पक्कं नसेल तर मागेपुढे पाच वर्षं लिहा. पूर्ण घर एकदम ख्रिस्ती झालं असेल तर आजोबा, त्यांचे भाऊ, आई एकाच तारखेला सापडतात, म्हणून एक नाव मिळालं की वरखालच्या दहा ओळी वाचायच्याच. रविवारी उपासना सुटल्यावर पाळकांना गाठू नका, नाताळ आणि पवित्र आठवड्यात तर नकोच. आधी फोन करून आठवड्यातली संध्याकाळ मागा.

नाव न सापडण्याचं नेहमीचं कारण स्पेलिंग. इंग्रजी वह्यांत गाव ‘शोलापूर’ असतं. शिवाय शहर मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारं. लिहिणाऱ्याच्या कानाला जे लागलं ते वहीत उतरलं. आडनाव बऱ्याचदा नसतंच, तेव्हा वडिलांच्या नावावरून शोधा.

वही ठिसूळ असेल तर बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. झेरॉक्सच्या काचेवर दाबलीत तर शिवण सुटते. परवानगी घेऊन मोबाइलने सरळ वरून फोटो काढा, पानाच्या डोक्यावरचे रकाने आणि वहीचं मुखपृष्ठ धरून. चूक दिसली तरी खाडाखोड करून घेऊ नका. दुरुस्ती समासात, तारीख आणि सहीनिशी होते.

स्थानिक वही वाळवीने खाल्ली असेल तर दोन वाटा उरतात. अमेरिकन मिशनची मूळ कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत. त्यात मुख्यतः पत्रं आणि अहवाल, नावं मिळतील पण दाखला नाही. ब्रिटिशकाळातल्या मुंबई इलाख्यातल्या चर्चनी सरकारला पाठवलेल्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मात्र त्यात भर युरोपियनांचा.