वेस्टरग्रेन पद्धतीने ईएसआर: आकडा कुठे चुकतो

शरीरात दाह असला की यकृत फायब्रिनोजेन हे प्रथिन जास्त बनवतं. त्यामुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन लवकर खाली बसतात. ईएसआर ही रक्ततपासणी मोजते तो हाच वेग; वेस्टरग्रेन पद्धतीत तो रक्त उभ्या नळीत तासभर ठेवून पाहतात.

काळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं सोडियम सायट्रेट असतं. प्रमाण 4 भाग रक्त, 1 भाग सायट्रेट, म्हणजे 1.6 मिली रक्ताला 0.4 मिली. रक्त खुणेपर्यंतच घ्या. ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा. जोरात हलवली तर पेशी फुटतात. नमुना बाहेरच ठेवणार असाल तर 4 तासांच्या आत लावा. फ्रीजमधला नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

वेस्टरग्रेन नळी वरच्या शून्याच्या खुणेपर्यंत भरा, बुडबुडा नको. स्टँड अगदी उभा हवा. सर्वात जास्त घोळ इथेच होतो: नळी 3 अंश जरी कलली, तरी पेशी एका बाजूने घसरतात आणि आकडा 30 टक्क्यांपर्यंत फुगू शकतो. उन्हाची तिरीप, पंखा, सेंट्रिफ्यूजची (नमुने गरगर फिरवणाऱ्या यंत्राची) थरथर यांपासून लांब ठेवा. बरोबर 60 मिनिटांनी वरच्या स्वच्छ प्लाझ्माची उंची मिलिमीटरमध्ये वाचा.

रक्तक्षय आणि गरोदरपणात दाह नसतानाही आकडा वाढतो. सिकलसेल या तांबड्या पेशी वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजारात उलटं: वाकड्या पेशींची चळत लागत नाही, म्हणून तो कमी दिसतो. विदर्भात हा आजार बराच आढळतो, म्हणून तिथे काम करणाऱ्यांनी हे कायम ध्यानात ठेवावं. अशा रुग्णांत सीआरपी ही दाह दाखवणारी दुसरी रक्ततपासणी सोबत करणंच योग्य.