मीठ-मैद्याची खेळायची माती
२ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, साधारण पाऊण वाटी पाणी. एवढ्यात मुलं तासभर रमतात. पाणी एकदम ओतू नका; थोडं थोडं घालत घट्ट मळा. रंग हवा असेल तर खायचा रंग आधी पाण्यातच कालवा. मळलेल्या गोळ्यात घालायला गेलात तर तो पहिल्यांदा तुमच्याच हातांना लागतो! वस्तू अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. जाड वस्तू वरून वाळते, आतून ओली राहते आणि तडकते. ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसवर २-३ तास, नाहीतर काही दिवस उघड्यावर, मधूनमधून उलटत. उरलेला गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये. घरात कुत्रा असेल तर मात्र जपा, इतकं मीठ त्याला विषासारखं बाधतं.