एकाच ट्रान्झिस्टरने सिग्नल उलटा कसा करायचा

सेन्सर हाय (५ व्होल्ट) देतोय आणि तुम्हाला तिथे लो (शून्याजवळ) हवाय, किंवा रिमोटवर चालणाऱ्या मॉडेलच्या (आरसी) रिसीव्हरचं एसबस, म्हणजे सगळे चॅनल एकाच वायरवरून पाठवणारं डिजिटल आउटपुट, मुळातच उलटं येतं म्हणून कंट्रोलर ते वाचत नाहीये, अशा वेळी एका सिग्नलसाठी सहा गेटचा आख्खा आयसी बसवू नका, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि दोन रेझिस्टर पुरतात.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात, एमिटर, बेस आणि कलेक्टर. एमिटर सरळ ग्राउंडला. सिग्नल १० के (१० हजार ओहम) रेझिस्टरमधून बेसला. कलेक्टर १ के मधून ५ व्होल्टला, आणि आउटपुट कलेक्टरवरूनच घ्यायचं. सिग्नल देणाऱ्या बोर्डाचं ग्राउंडही इथे जोडायचं, हे हमखास राहून जातं.

आता बेसचा रेझिस्टर १० के च का? इनपुटला ५ व्होल्ट आले की बेसवर साधारण ०.७ व्होल्ट राहतात, उरलेले ४.३ त्या १० के वर पडतात, म्हणजे बेसला ०.४३ मिलिअँप. कलेक्टरला १ के मधून फार तर ५ मिलिअँप, म्हणजे बेसच्या साधारण बारापट. डेटाशीटवर गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून जाऊ शकतो तो आकडा) शंभराच्या वर दिसतो म्हणून बरेच जण बेसला १०० के टाकतात आणि तिथेच फसतात, कारण स्विच म्हणून वापरताना गेन दहा-पंधराच धरायचा, तरच ट्रान्झिस्टर पूर्ण ऑन होतो आणि आउटपुट ०.२ व्होल्टच्या आसपास खाली येतं. आणि बेसचा रेझिस्टर गाळायचा तर अजिबात नाही, ट्रान्झिस्टर जाईलच, समोरच्या बोर्डाची पिनही जाऊ शकते.

पाय नीट बघा. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर, आणि २एन३९०४ या तशाच दुसऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये बरोबर उलटं. मी एकदा ५४७ च्या जागी ३९०४ तसाच खोचला, आउटपुट लो व्हायच्या ऐवजी तीनेक व्होल्टवर अडकायला लागलं. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पूर्ण बंद पडत नाही ना, अगदी कमी गेनवर थोडाथोडा चालतो, त्यामुळे मी आपला कितीतरी वेळ प्रोग्राममध्येच चूक शोधत होतो.

आउटपुट हाय असताना करंट फक्त त्या १ के मधूनच येतो, म्हणून आउटपुट ते ग्राउंड असा लाल एलईडी लावलात तर हाय दोन व्होल्टच्या आसपासच थांबेल. एलईडी हवाच असेल तर तो वेगळ्या रेझिस्टरसकट ५ व्होल्ट आणि कलेक्टरच्या मध्ये लावा. इनपुटची वायर कधी मोकळी राहणार असेल तर बेस ते ग्राउंड १०० के टाका.

पुढचा कंट्रोलर ३.३ व्होल्टचा असेल तर कलेक्टरचा रेझिस्टर ५ ऐवजी ३.३ ला जोडा, इनपुट ५ चं असलं तरी चालतं, आउटपुट ३.३ च्या वर जात नाही.